भाडे आणि बाडिगे

बेळगावच्या जुन्या गल्ल्यांतून जाताना दारावरच्या पाट्या वाचायची मला खोड आहे. एखाद्या बंद खिडकीच्या गजाला पुठ्ठा अडकवलेला असतो. त्यावर मराठीत ‘घर भाड्याने देणे आहे’ आणि खाली कानडीत ‘मने बाडिगेगे इदे’ असे लिहिलेले असते. भाडे आणि बाडिगे. मराठीतला हा शब्द संस्कृतातल्या ‘भाटक’वरून आला असे कोशकार सांगतात, आणि कानडीतला शब्दही त्याच घरचा दिसतो. शब्द कुठल्याही भाषेतला असो, पैसे पाच तारखेच्या आत द्यावे लागतात, एवढे दोन्हीकडे सारखे.

मी ही पाटी दोन्ही बाजूंनी वाचलेली आहे. १९८६ ते १९९७ या अकरा वर्षांत आम्ही टिळकवाडी, अनगोळ आणि शहापूर मिळून चार घरे बदलली. घर पाहायला गेलो की खोल्या दाखवण्याआधी प्रश्न यायचे. आडनाव काय? माणसे किती? पाहुणेरावळे फार येतात काय? मासळी करता काय? एका मालकीणबाई तर आम्ही किती बिंदग्या पाणी नेतो ते ओसरीत बसून मोजत. त्या वाईट होत्या असे मी म्हणणार नाही. आजारपणात पेज करून आणून देणाऱ्याही त्याच होत्या. पण आपल्या घागरीकडे कुणी डोळे लावून बसले आहे, या जाणिवेने पाणी भरताना हात आखडतो. तो आखडलेला हात मी पुढे कित्येक वर्षे विसरले नाही.

स्वतःचे घर घ्यावे असे कुणाला वाटत नाही? आमची अडचण अशी की जे घर परवडे ते गावाबाहेर, आणि जे गावात असे ते परवडत नसे. तेव्हा यजमानांच्या डोक्यात एक कल्पना आली. घर आपल्या गरजेपेक्षा मोठे घ्यायचे, अर्ध्यात आपण राहायचे आणि अर्धे भाड्याने द्यायचे. मला हे आधी उलटेच वाटले. लहान घर परवडत नाही म्हणून मोठे घ्यायचे! पण कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावर त्यातली मेख कळली.

त्या काळी गृहकर्जाचा दर पंधरा टक्क्यांच्या आसपास होता. पंधरा वर्षांच्या मुदतीला लाखामागे महिना १,४०० रुपये हप्ता बसे. म्हणजे लाखाचे अडीच लाख फेडायचे. आज साडेआठ टक्के दर धरला तर तेवढ्याच मुदतीला लाखामागे ९८५ रुपये होतात, यावरून तेव्हाचे ओझे ध्यानात यावे. आम्हाला अडीच लाखांचे कर्ज हवे होते. हप्ता ३,५०० रुपये. दोघांचे पगार मिळून हातात साडेसात हजार पडत. निम्मा पगार हप्त्यात घालून दोन मुले वाढवायची ही गोष्ट अवघड होती. पण आम्ही स्वतः दरमहा १,००० रुपये भाडे भरत होतो, ते वाचणार होते. खालच्या मजल्याचे ९०० रुपये येणार होते. तेव्हा वाढीव भार १,६०० चा. हा आकडा आम्ही तीन वेळा तपासला. कर्ज देणाऱ्यांनी मात्र भाड्याचे उत्पन्न हिशेबात धरलेच नाही. ते फक्त आम्ही मनात धरले होते.

घर मिळाले शहापुरात. जांभ्या दगडाच्या पायावर मातीच्या भिंती, वर मंगळुरी कौले. पुढे सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर, मागे परडे आणि परड्यात आड. वरती लाकडी तक्तपोशीची माडी. घर अरुंद आणि लांबच लांब, पुढच्या दारातून हाक मारली तर मागच्या दारी पोचायला वेळ लागावा असे. किंमत ठरली तीन लाख साठ हजार. कर्जाखेरीजची रक्कम भविष्य निर्वाह निधीतून काढली, थोडी सासूबाईंच्या पाटल्यांतून आली.

पण घराहूनही मला रंगतदार वाटले ते त्याचे कागद. शहापूर संस्थानी काळात सांगलीच्या पटवर्धनांकडे होते, आणि शेजारचे बेळगाव ब्रिटिश मुलखात. त्यामुळे या घराचा पहिला कागद १९३६ चा, सांगली संस्थानचा आणि मोडीत. तो वाचून घ्यायला आम्हाला एक निवृत्त कारकून शोधावे लागले. ८ मार्च १९४८ रोजी सांगली मुंबई प्रांतात विलीन झाली. दुसरा कागद १९५२ चा, मुंबई राज्याचा, बाळबोध अक्षरातला. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही सारे म्हैसूर राज्यात गेलो. तिसरा कागद १९६८ चा, कानडीत. १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले, आणि चौथा कागद आमचा. सीमाप्रश्नावरची व्याख्याने मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पण घर जागचे तसूभरही न हलता त्याच्या कागदांच्या माथ्यावर चार सरकारे बदलतात, हे त्या चार कागदांनी जसे दाखवले तसे कुठल्याही व्याख्यानाने दाखवले नाही.

आमचे खरेदीपत्र कानडीत झाले. त्याला तिथे क्रयपत्र म्हणतात. जागेवर कुणाचा बोजा नाही ना, हे सांगणाऱ्या दाखल्याला ऋणभार प्रमाणपत्र म्हणतात. हे शब्द ऐकून यजमानांना हायसे वाटले, कारण त्यांचा अर्थ कुणाला विचारावा लागला नाही. तरीही सही करण्याआधी वकिलांकडून अक्षरन् अक्षर मराठीत समजावून घेतले. आपल्या भागातल्या कुणीही हा कंटाळा करू नये. भाषा बोलता येणे निराळे आणि दस्त वाचता येणे निराळे.

विकणारे दोघे भाऊ होते. वकिलांनी पहिलाच प्रश्न केला, “बहिणी किती?” दोन निघाल्या, एक कोल्हापूरला दिलेली, एक हुबळीला. भाऊ म्हणाले, “त्यांचे काही म्हणणे नाही.” वकील म्हणाले, “मग ते म्हणणे नाही असे त्यांनीच येऊन लिहून देऊ दे की.” वडील मृत्युपत्र न करता गेलेले, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मुलीही त्यांच्या वारस. दोघी बहिणी आल्या, सह्या झाल्या. धाकटी आडाच्या कठड्यावर हात ठेवून जरा वेळ उभी राहिली आणि न बोलता निघून गेली. आपल्याला स्वस्तात मिळालेले घर कुणाचे तरी माहेर असते, हे मला तेव्हा कळले. भावांनी तिला तिचा वाटा दिला की नाही, हे विचारायचा अधिकार आम्हाला नव्हता. पैसे मात्र वकिलांच्या सांगण्यावरून चौघांच्या नावे निरनिराळे दिले.

आम्ही माडीवर राहायचे ठरवले, कारण आड, परडे आणि सोपा असलेल्या खालच्या भागाला भाडे जास्त येणार होते. माडीला बाहेरून जिना काढला, वर स्वयंपाकाचा ओटा केला, दुसरा संडास बांधला, विजेचे मीटर वेगळे केले. यात चाळीस हजार गेले. त्यात सर्वांत शहाणपणाचा खर्च मीटरचा. एका मीटरवर दोन बिऱ्हाडे असली की इस्त्री कुणाची आणि पंखा कुणाचा यावरून सख्खे भाऊही बोलेनासे होतात.

भाडेकराराच्या वेळी कोल्हापूरच्या माझ्या भावाने आपल्याकडचा नमुना पाठवला. पण सीमेपलीकडचा नमुना इकडे तसाच चालत नाही. तिकडे ‘लिव्ह अँड लायसन्स’ची पद्धत, आणि १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने तर ३१ मार्च २००० पासून असा प्रत्येक करार नोंदवण्याची जबाबदारी मालकावरच टाकली. इकडे पूर्वी १९६१ चा भाडे नियंत्रण कायदा होता, २००१ अखेर नवा लागू झाला. अकरा महिन्यांच्या कराराचे गूढही वकिलांनी उलगडले. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. तो खर्च टाळण्यासाठी हे अकरा महिने. लोक मात्र समजतात की अकरा महिन्यांनी भाडेकरूला काढता येते म्हणून अकरा. तसे काही नाही. मुदत संपली तरी माणूस आपोआप घराबाहेर जात नाही.

आता पाटी लावायची वेळ आली. यजमानांनी ती दोन्ही भाषांत रंगवली. गल्लीतल्या वडीलधाऱ्यांनी लगेच सल्ला दिला, “आपला माणूस बघून द्या हो. उगाच नको तो घोळ.” मी विचारात पडले. अकरा वर्षे आम्हाला घर नाकारणारे बहुतेक आपलेच तर होते. ‘आपला’ या शब्दाचा व्यास घरोघरी निराळा असतो. कुणाचा भाषेपुरता, कुणाचा जातीपुरता, कुणाचा नुसता तांदळाच्या भाकरीपुरता. मी एवढेच ठरवले की जे प्रश्न आपल्याला विचारलेले सलले होते ते आपण विचारायचे नाहीत. काम काय, माणसे किती आणि भाडे कोणत्या तारखेला, एवढ्यावर बोलणे थांबवायचे.

तीन बिऱ्हाडे येऊन गेली आणि चौथे ठरले. मूळचे बैलहोंगलकडचे, घरात कानडी. ते उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत लाकडी पॅटर्न करायचे, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी आधी लाकडात हुबेहूब नमुना घडवायचा. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. बायको, एक मुलगा, म्हातारी आई. अनामत १०,००० रुपये. ती आम्ही मुदतठेवीत टाकली आणि पावती कपाटात ठेवली. दुसऱ्याचे पैसे आहेत, त्यांना आपल्या पैशांत मिसळू द्यायचे नाही, हा यजमानांचा दंडक. पुढे २०२१ साली केंद्राने राज्यांना आदर्श भाडेकरू कायदा पाठवला. राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, असे त्यात सुचवले आहे. ते वाचून मनात आले, आम्ही तर अकरा महिन्यांची घेतली होती. तेव्हाची रीतच ती.

मिस्त्रींच्या बायकोने पहिल्या दिवसापासून मला ‘वैनी’ म्हटले. मला वाटले, मराठी शिकते आहे. नंतर कळले की तिच्या कानडीतही वैनी म्हणजे वैनीच. असे कितीतरी शब्द दोन्ही मजल्यांवर सारखेच होते. आपले अण्णा, अक्का, अडकित्ता आणि तूप तिकडूनच तर आलेले.

भाषेवरून भांडणे होतील असे भाकीत सर्वांनी केले होते. भांडणे झाली ती तक्तपोशीवरून आणि पाण्यावरून. आमची जमीन म्हणजे त्यांचे छत. वर मुले धावली की फळ्यांच्या फटींतून माती खाली त्यांच्या ताटात. मुलांना पाय बांधून तर ठेवता येत नाही! नळाचे पाणी काही दिवसांआड, तेही अवेळी. खालचा नळ आधी, त्यामुळे तो उघडा असला की वर थेंब चढत नसे. आठ-दहा दिवस दोन्हीकडे तोंडे फुगली. मग वाटणी झाली. पहिला अर्धा तास वरचा, पुढचा खालचा, आणि आड दोघांचा. पहाटे खालून हाक यायची, “नीर बंतु, वैनी!” पाणी आले. ही हाक ऐकल्याशिवाय आमचा दिवस उजाडेनासा झाला.

पहिल्या दिवाळीत त्रयोदशीच्या संध्याकाळी पाहते तो तिने तांब्याचा हंडा चिंचेने लखलखीत घासला होता. त्याला चुना-काव लावून, आडाचे पाणी भरून ती त्याची पूजा करत होती. त्यांच्याकडे हा पाणी भरण्याचा सणच असतो, नीरु तुंबुव हब्ब. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच हंड्यातले पाणी अभ्यंगाला. ज्या पाण्यावरून पावसाळाभर धुसफुस झाली त्यालाच हळदकुंकू वाहिलेले पाहून मला हसू आले. मग मीही आमची बिंदगी घासून शेजारी ठेवली.

पण सगळे इतके गोड नव्हते. १ नोव्हेंबर दरवर्षी येतो. मराठी माणूस त्या दिवशी काळा दिन पाळतो. कानडी माणसाचा तो राज्योत्सव. यजमान दंडाला काळी फीत बांधून सायकल फेरीला गेले होते. खालचा मुलगा शाळेतून लाल-पिवळा कागदी झेंडा घेऊन परतला. दोघांची गाठ फाटकातच पडली. मी वरून पाहत होते. मुलाने झेंडा लपवला नाही, यांनी फीत काढली नाही. क्षणभर कुणीच बोलले नाही. मग यांनी विचारले, “काय रे, लाडू मिळाले काय शाळेत?” त्याने खिशातला अर्धा लाडू काढून दाखवला. त्या दिवशी एवढेच झाले. २००४ पासून आपला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. २०१४ च्या १ नोव्हेंबरला शहराचे नाव बेळगावी झाले, आणि करारातला पत्ता बदलावा लागला. यजमानांची फीत चुकली नाही. पण फाटक एकच असल्यामुळे दोन्ही बाजूंना रोज एकमेकांच्या तोंडाकडे पाहावे लागे, याचाही काही उपयोग असतो.

खरी कसोटी १९९९ साली लागली. मिस्त्रींच्या फाउंड्रीत काम निम्म्यावर आले, पगार अडला. एक महिना भाडे आले नाही, मग दुसरा, तिसरा. खालचा दिवा लवकर मालवू लागला. हाक येई, पण तिच्यातला ‘वैनी’ गळला होता. आमचा ३,५०० चा हप्ता कुणासाठी थांबणार नव्हता. चार महिन्यांचे ३,६०० थकले, म्हणजे आमच्या एका हप्त्याहून शंभर जास्त. थोरल्याची शाळेची फी मी दोनदा लांबवली. नातलगांचे म्हणणे सरळ होते: “अनामत कशासाठी घेतलीय? वळती करा आणि घर मोकळे करून घ्या.” यात बेकायदा काही नव्हते. मुदतठेवीची पावती कपाटात होती, आणि ती मी एकदा काढून पाहिलीही.

मालक जिना उतरून दाराशी आला की भाडेकरूच्या पोटात कसा गोळा येतो, हे मला ठाऊक होते. म्हणून आम्ही खाली गेलो नाही. रविवारी दोघांना वर चहाला बोलावले. आमची हप्त्याची वही त्यांच्यापुढे ठेवली. मालक म्हणजे गडगंज, असा त्यांचाही समज होता; तो वही पाहून गेला. बराच वेळ कुणी बोलले नाही. मग मिस्त्री वर न पाहता खालीच बघत राहिले. मला वाटले, संकोचाने. ते तक्तपोशीच्या फटी पाहत होते.

“ह्या फळ्या मी बसवून देतो की,” ते म्हणाले. “पॅटर्नचे काम माझे. केस जाणार नाही असा सांधा करतो.”

तीन आठवडे ते रोज संध्याकाळी राबले. एकेक फळी उचलून, रंधून, खाच मारून पुन्हा बसवली. जिन्याला कठडा केला. मग मजुरीवरून हुज्जत झाली, पण उलटी. ते दिवस कमी धरत होते, आम्ही जास्त धरत होतो. शेवटी दोन महिन्यांचे भाडे कामात फिटले असे ठरले, आणि राहिलेले दोन महिन्यांचे पुढे दरमहा दीडशे करून त्यांनी वर्षात फेडले. पुढच्या करारात आम्ही हाताने एक कलम वाढवले: ‘कोणत्याही कारणाने भाडे थकल्यास उभयतांनी प्रथम समोरासमोर बसून बोलावे, व त्यानंतर एक महिना कोणतीही नोटीस देऊ नये.’ वकील हसले. “कोर्टात याला किती वजन येईल सांगता येत नाही,” म्हणाले, “पण लिहायला हरकत नाही.”

पहिले घर असे अर्धे भाड्याने देऊन घेऊ पाहणाऱ्यांसाठी दोन शब्द. वर्षाला भाडे बारा महिन्यांचे नव्हे, दहाच महिन्यांचे धरावे. उरलेले दोन घरपट्टी, कौले आणि रिकाम्या दिवसांत जातात. प्राप्तिकरात भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्यावर तीस टक्के वजावट मिळते, तिची नोंद नीट ठेवावी. आणि हप्ता व भाडे यांची चाल ओळखून धीर धरावा. २००३ च्या सुमारास व्याजदर उतरले तेव्हा आम्ही हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली. २०१२ पर्यंत चालणारे कर्ज २००९ अखेर फिटले. हप्ता जागेवर उभा असतो, भाडे हळूहळू चालत येऊन त्याला गाठते. आमचे पहिले ९०० म्हणजे हप्त्याचा चौथा हिस्सा. कर्ज फिटले त्या वर्षी भाडे २,८०० होते. पहिली पाच वर्षे सोसवली तर पुढची सुसह्य होतात. आता खाली परगावच्या दोन शिक्षिका राहतात, एक मराठी शाळेत, एक कानडी. पाण्याची वाटणी तीच आहे.

मिस्त्री गेले ते २००८ साली. वडगावच्या बाजूला त्यांनी लहानसा प्लॉट घेऊन घर बांधले, वर एक खोली आणि स्वयंपाकघर जास्तीचे काढून. जाण्याआधी दोघे वर आले. अनामत व्याजासह परत दिली. ती मोजून न घेता त्यांनी बायकोच्या हाती दिली. मग म्हणाले, “त्या कराराची एक प्रत द्या की. मलाही आता वरची खोली बाडिगेला द्यायची आहे.”

आठ दिवसांनी ते कानडीत उतरवलेला करार दाखवायला घेऊन आले. ते हाताने लिहिलेले कलम त्यांनी मुद्दाम वाचून दाखवले. ‘समोरासमोर’ला त्यांनी ‘मुखामुखि’ असा शब्द घातला होता. तो आम्हालाही आवडला. पण ऐकता ऐकता यजमान थबकले.

“मिस्त्री, इथे दोन महिने झालेत. आमच्यात एक महिना होता.”

“ठाऊक आहे की,” ते कागदाची घडी करत म्हणाले. “एका महिन्यात फाउंड्री चालू होत नाही.”